कारल्याच्या पेल्यातली चूक

सोफ्याला कापड ठोकायच्या बारीक खिळ्यांना आमच्या धंद्यात चुका म्हणतात. बाबा मूठभर चुका गालात धरतात, जिभेनं एकेक पुढे ढकलतात आणि हातोडी चालवतात. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही. आईला दिवसातला तोच वेळ सगळ्यात प्रिय.

आई त्याच वर्कशॉपमध्ये कोपऱ्यातल्या मशीनवर कव्हरं शिवते. शिवण सूतभर हलली तरी गिऱ्हाइकासमोर उसवणार. "तुम्हाला नसती दिसली, पण मला दिसली ना," म्हणते. शेजारणीनं हौसेनं विचारलं, "मी जाड दिसते का हो?" तर आई सरळ "हो" म्हणून मोकळी. खोटं बोलायची वेळ आलीच तर तिचे कान लाल होतात. अशा बाईनं एवढी मोठी गोष्ट आम्हा सगळ्यांपासून दडवून ठेवली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

बाबांना शुगर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि खाण्यापिण्याचं समजावून सांगितलं. खाण्यापिण्याचं बाबांनी खरोखर मनावर घेतलं. चहातली साखर गेली, बिस्किटं गेली, भात वाटीवर आला, ताटात भाज्या वाढल्या. संध्याकाळी पाय मोकळे करायला जाऊ लागले. आईला त्यांच्या पँटी कमरेत आत घ्याव्या लागल्या. पण गोळ्यांचं नाव काढलं की बिथरायचे. "एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. मी काय गुलाम आहे तिचा?" त्यांचं औषध म्हणजे सकाळ-संध्याकाळ कारल्याचा रस आणि त्यात मेथीची पूड. सोफा दुरुस्तीला टाकायला आलेल्या कुणीतरी ते सांगितलं होतं, आणि बाबांचा डॉक्टरांपेक्षा सोफेवाल्यांवर भरवसा जास्त.

एवढं करूनही रिपोर्ट काही मनासारखे येईनात. मग आईनं गुपचूप गोळ्या आणल्या, खलबत्त्यात कुटल्या आणि रसात ढवळल्या. कारलं इतकं कडू की त्यात काहीही खपून जावं.

पुढचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान! जे घेताय तेच चालू ठेवा." त्यांना वाटलं गोळ्या, बाबांना वाटलं कारलं. दोघंही खूश. आई मधल्या खुर्चीत बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

तिथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण बाबा प्रचाराला लागले. शेवटची चूक ठोकून तोंड मोकळं झालं की समोरच्याची सुटका नाही. "गोळीला हात न लावता शुगर आणली ताळ्यावर!" लोक माना डोलवायचे आणि सोफा घेऊन पळायचे. आत्या मात्र पळाली नाही. ती बाबांची थोरली बहीण. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना हिनंच वाढवलं. मागच्या गल्लीत एकटी राहायची, वर्षानुवर्षं शुगरच्या गोळ्या घ्यायची आणि त्यांनी पोट बिघडतं म्हणून कावलेली असायची. भावाचा रिपोर्ट ऐकला आणि ती रिकामी बाटली घेऊन वर्कशॉपमध्ये हजर झाली.

आईनं बाटली भरली. "आक्का, रस घ्या हवं तर. पण गोळ्या सोडू नका. निदान डॉक्टरांना विचारा."

"का? तुझा नवरा घेतो का गोळ्या?"

बाबा तोंडात चुका धरून हसत होते. आईनं कापड सुईखाली सरकवलं. "नाही घेत," म्हणाली, आणि तिनं मशीन सुरू केलं. तिचे कान लाल झालेले मी पाहिले. मला वाटलं, उकडतंय.

आत्यानं गोळ्या सोडल्या आणि ती बाटल्या भरून नेत राहिली. महिने गेले. ती वाळत चालली तसे बाबा तिला म्हणायचे, "बघ, कशी सडपातळ झालीस!" आईचं जेवणातलं लक्ष उडालं होतं. आत्या आली की ती पुन्हा पुन्हा तेच सांगायची, "गोळ्या घ्या हो, आक्का," आणि कारण विचारलं की मशीनकडे वळायची.

एके दिवशी आत्या पायावर पाय टाकून बसली आणि आईला तिच्या चपलेच्या तळाशी काहीतरी चकाकताना दिसलं. चुकेचं डोकं. चप्पल काढली तर पाय सुजलेला, अंगठ्याखाली जखम चिघळलेली. "अगं बाई, मला कळलंसुद्धा नाही!" आत्या हसत म्हणाली. आईनं जमिनीवर बसून तो पाय मांडीवर घेतला.

हॉस्पिटलात कळलं, शुगर भलतीच वाढली होती, त्यानं पाय बधिर झाले होते. अंगठा काढावा लागेल, उशीर केला तर पाऊलही, डॉक्टर म्हणाले. ते गेले आणि बाबा आले, हातात भली मोठी बाटली. "डोस कमी पडला हिला. दुप्पट कडक केलाय." पेला भरून त्यांनी आत्याच्या तोंडापर्यंत नेला.

आईनं त्यांचं मनगट धरलं. "नका देऊ. त्यात गोळी नाही."

"कसली गोळी?"

"तुमच्या पेल्यात असते ती. मी कुटून घालते. पहिल्या चांगल्या रिपोर्टाच्या आधीपासून."

बाबांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यात एकही चूक नव्हती, तरी शब्द फुटेना.

आत्या आईकडे बघत होती. "म्हणजे माझ्या भावाच्या पेल्यात औषध, आणि माझ्या बाटलीत नुसतं कारलं?"

"मला सांगता आलं नाही, आक्का. यांना कळलं असतं तर यांनी रसही टाकला असता. मी यांना वाचवत राहिले आणि तुम्हाला..." आईनं हात जोडले. "माझी चूक पोटात घाला."

"पोटात कशी घालू?" आत्या शांतपणे म्हणाली. "पायात शिरली ना ती."

अंगठा गेला, पाऊल वाचलं. आता आत्या आमच्याकडेच असते. पट्टी आई बदलते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. सकाळी टेबलावर दोन बश्यांत गोळ्या असतात. बाबा मुकाट्यानं घेतात, वर चवीला म्हणून रसही पितात. आत्या मात्र लगेच गिळत नाही. गोळी चिमटीत धरते, आईच्या डोळ्यांसमोर नेते आणि आई "दिसली" म्हणेपर्यंत थांबते.

आई रोज म्हणते, "दिसली, आक्का."