शॅमरॉक आणि येळ्ळूरची आक्का

निवृत्त माणसं दर रविवारी एकत्र बसली की ज्ञान साठत नाही, किस्से मात्र ढिगानं साठतात. बेळगावातलं आमचं मंडळ त्यातलंच. आम्ही पाच जण. रानातल्या रोपांची नावं गोळा करून पुस्तक काढायचं, हा उद्देश. पण माणसं सीमाभागातली, अर्धा जन्म ठराव करण्यात गेलेला! त्यामुळे शब्दाचं मूळसुद्धा आम्ही हात वर करून ठरवतो.

*

मंडळातल्या वकीलसाहेबांची मुलगी डब्लिनला असते. तिनं मेसेज पाठवला : 'शॅमरॉक' हा शब्द आयरिश भाषेतला. मूळ अर्थ 'छोटं क्लोव्हर'. तीन पानांचं रोप, तिकडे सणाला कोटावर लावतात.

आमचे अध्यक्ष देसाई सर, रिटायर्ड हेडमास्तर, लगेच म्हणाले, "ही तर आपली आंबुटी! शब्दही इथूनच गेला असणार."

"सर, पुरावा?"

"पुरावा मागनं बघू. आधी मतदान!"

चार विरुद्ध एक. शॅमरॉक मराठी झाला. विरोधात एकटा येळ्ळूरचा दादू.

*

मुलीनं पुढे कळवलं, शॅमरॉक म्हणजे नेमकं कुठलं रोप, यावर तिथल्या लोकांचंच एकमत नाही.

सर हळहळले. "बिचारे! ठराव करत नसतील."

*

मग आमच्या ठरावाचं निवेदन द्यायला सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "कन्नड प्रत कुठाय?"

आयर्लंडचा प्रश्नसुद्धा तिथंच येऊन अडला! सरांनी तडक सभात्याग केला. सभा नव्हतीच, तरीही केला.

*

दादू आमच्यात सगळ्यात लहान, म्हणजे साठीचा. एका रविवारी तो आपल्या आईकडून बावीस नावं लिहून घेऊन आला.

"सर, आईला आताशा इसराय हुतंय. मला ह्यातली चार-पाचच ठावं हैत. सगळी पुस्तकात घ्या."

सरांना सात नावांत कन्नडचा वास आला. त्यांनी अख्खा कागदच मताला टाकला आणि कागद पडला. माझाही हात वर होता, सांगायला लाज वाटते. त्याच कागदावर मंडळाच्या सेक्रेटरींनी भजी खाल्ली.

*

दोन वर्षांनी डब्लिनहून पुन्हा मेसेज. तिकडे म्हणे अभ्यासक म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी फिरले, शब्द लिहून घेतले, म्हणून कितीतरी नावं वाचली. सर पेटलेच! "आपणही जायचं!" स्कूटरवरून अर्ध्या तासाच्या येळ्ळूरला जायला आम्हाला आयर्लंडचा मेसेज लागला.

दादूची आई, सगळ्या गल्लीची आक्का, दारात बसली होती. सरांनी आंबुटीचं रोप पुढं धरलं. तिनं एक पान तोडून चावलं आणि हसली.

"आंबट हाय."

"व्हय आक्का. पन तुमच्याकडं नाव काय ह्याचं?" सरांनी तिच्याच बोलीत विचारलं.

ती त्या रोपाकडं बराच वेळ बघत राहिली. मग दादूकडं वळली.

"मी सांगितलतं की रं. मास्तरांनी लिवून घेतलं न्हाय?"