पुरुषोत्तमांचं इंजेक्शन

नंदा देवपुजारी अमेरिकेत, प्लेनो शहरातल्या एका फार्मसीत काउंटरमागे काम करते. नागपूरहून बी.फार्म. करून आलेली, इथलं फार्मासिस्टचं लायसन्स काही जमलं नाही, म्हणून फार्मासिस्टच्या हाताखालची टेक्निशियन झाली आणि अकरा वर्षं तेच करते आहे. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध कॉम्प्युटरवर टाकायचं, इन्शुरन्सचं उत्तर बघायचं, आणि नकार आला तर तो समोरच्या माणसाला सांगायचा. काही लोक रडतात, काही तिच्यावरच चिडतात. ती आवाज न चढवता त्यांना डॉक्टरांशी बोलायला सांगते आणि पुढच्याला बोलावते.

गेल्या जानेवारीत एका सोमवारी तिने नवऱ्याचं औषध टाकलं, आणि नकार आला.

पुरुषोत्तम चोपन्न वर्षांचे, एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला. डोळ्यांच्या आत सूज येण्याचा त्यांचा आजार जुना. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन घेतलं की तो काबूत राही; चार वर्षं असं सुरळीत चाललं होतं. नव्या वर्षापासून कंपनीने कर्मचाऱ्यांच्या इन्शुरन्समधल्या औषधांचा कारभार दुसऱ्या एजन्सीकडे दिला. त्या एजन्सीचा नियम असा की आधी स्वस्तातल्या गोळ्या घ्या, त्यांनी भागलं नाही तरच इंजेक्शन. त्या गोळ्या पुरुषोत्तमांच्या नागपुरातच घेऊन झाल्या होत्या, लिव्हर बिघडलं म्हणून बंदही केल्या होत्या. पण त्याचा एकही कागद इथल्या फाइलमध्ये नव्हता.

डॉक्टरांनी अपील केलं. नंदाने नागपूरला दिरांना, दिगंबरना, फोन लावला. जुने डॉक्टर वारले होते, दवाखाना बंद होता. दिगंबर दोन आठवडे हिंडले आणि डॉक्टरांच्या मुलाकडून एका रिपोर्टचा फोटो मिळवून पाठवला. एजन्सीत तो कुणी वाचला की नाही, देव जाणे. फेब्रुवारीत दुसरं पत्र आलं, तेही नकाराचंच. तोवर पुरुषोत्तम नुसत्या डोळ्यांत घालायच्या थेंबांवर दिवस काढत होते; इंजेक्शन पदरच्या पैशांनी घ्यावं तर महिन्याला हजारो डॉलर लागले असते.

एक रस्ता उरला होता, आणि तो नंदाला कामामुळेच ठाऊक होता. अशा मोठ्या कंपन्यांत औषधांचा खर्च शेवटी कंपनीच सोसते, एजन्सी नुसता कारभार बघते. कंपनीच्या एचआरने शब्द टाकला तर काम होऊ शकतं. जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं.

"एचआरला नाही कळवायचं," पुरुषोत्तम म्हणाले. "डिसेंबरमध्ये माझ्या टीममधले सहा जण काढलेत. मी आजारी आहे, महागात पडतो, हे मीच जाऊन सांगू?"

नंदाने ताटं उचलली. भीती खोटी नव्हती. तिच्या नोकरीचे तास कमी, तिथे इन्शुरन्स नव्हता. लेक सई दूर बॉथेल शहरात नुकती नोकरीला लागलेली. तिने फोनवर वडिलांना "जस्ट आस्क देम, बाबा" म्हटलं, तर त्यांनी विषय बदलला.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसला जाताना त्यांना डावीकडच्या लेनमधला ट्रक दिसलाच नाही. हॉर्न ऐकून ते कसेबसे कडेला थांबले आणि तिथून नंदाला फोन केला. डाव्या डोळ्यासमोर दोन दिवसांपासून धुरकट होतं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

डॉक्टरांनी तपासलं. सुजेने आतला पडदा खराब झाला होता. उजवा वाचवता येईल म्हणाले. डाव्याची गेलेली नजर परत येणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत नंदाने फार्मसीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून एचआरला फोन केला. नवऱ्याला विचारलं नाही. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. अशा तक्रारींसाठी कंपनीने एक माणूसच नेमला आहे, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पहिला नकार आला तेव्हाच का नाही कळवलंत?"

नंदाने दोन्ही नकारांच्या तारखा तेवढ्या सांगितल्या.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. पुरुषोत्तमांना नवल वाटलं. कसं झालं, असं त्यांनी विचारल्यावर तिने फोनचं सांगितलं. 

"जानेवारीतच केला असतास तर," ते म्हणाले.

"तुम्ही नको म्हणालात."

"हो. मीच नको म्हणालो."

त्यावर दोघं पुन्हा कधी बोलले नाहीत. पण हे शब्द घरात राहिलेच. नंदा अजून रात्री जागी होते आणि तेवढ्या आठवड्यांचा हिशेब करते: रस्ता माहीत असून आपण त्यांचं ऐकलं कसं?

नोकरी टिकली. हायवेवर गाडी चालवणं मात्र सुटलं. नंदा त्यांना सकाळी स्टेशनवर सोडते, पुढे ते ट्रेनने जातात. जिना उतरताना कठड्याला हात लावून उतरतात.

मंजुरी फक्त वर्षभराची होती. ती संपायच्या चार महिने आधीच, नोव्हेंबरमध्ये, पुरुषोत्तमांनी स्वतःच एचआरचा नंबर लावला, नंदाला शेजारी बसवून घेतलं, आणि आपलं नाव आणि आजार सांगायला सुरुवात केली.