प्लॉटरने काढलेला झ

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मशीन अडलं की आधी वायर बघावी, मग स्वतःचं डोकं तपासावं, या मताची मी.

१९८८ साल. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ एका खाजगी सर्व्हे ऑफिसात मी नकाशे काढायचे. साहेबांनी कॉम्प्युटर आणला आणि सोबत पेन-प्लॉटर – कागदावर पेन फिरवून नकाशा काढणारं यंत्र. इंग्रजी घडाघडा लिहायचा, मराठी म्हटलं की दातखीळ. सॉफ्टवेअरमध्ये फ्रेंच-जर्मन टोपीवाल्या अक्षरांसाठी खण होते. त्यांत देवनागरी भरायचं ठरलं. आमचे जुने ड्राफ्ट्समन बापूकाका ग्राफ पेपरवर एकेक अक्षर काढायचे, मी त्याचे बिंदू मोजून टाइप करायचे. आठ दिवस वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसत होत्या.

"वेलांटी झाली की पेन मागे आण गो," बापूकाका म्हणाले. "माझ्या हाताला कळतं, ह्याला सांगावं लागतं."

मागे आणलं, सुटलं. शेवटी झ तेवढा राहिला.

"झ लागतो कुठे एवढा? मागून काढतो," बापूकाका म्हणाले.

त्याच आठवड्यात ते गेले... हार्ट अटॅक. मला फार वाईट वाटलं. झचा खण रिकामाच राहिला.

दोन महिन्यांनी लांज्याजवळच्या एका गावातल्या शाळेचा नकाशा आला. दुसऱ्याच दिवशी त्यावरून पायाची आखणी व्हायची होती. दुपारी चहाच्या वेळी प्लॉटर लावला. सगळं बरोबर आलं. फक्त बालवर्गाच्या खोलीत दोन शब्द जास्तीचे – 'झाकली बाव'.

नकाशात 'विहीर' लिहायचं, हा ऑफिसचा नियम. 'बाव' लिहायचे ते एकटे बापूकाका. गवंडी गावचा, त्याला गावचाच शब्द हवा, असं त्यांचं म्हणणं.

फाइल तीनदा तपासली. ते शब्द त्यात नव्हते, झच्या खणात एक रेघ नव्हती. नकाशा पुन्हा काढला, तर ती जागा कोरी आली.

पहिला कागद साहेबांना दाखवला. हसतील वाटलं होतं, पण सकाळी त्यांनी मलाही जीपमध्ये घेतलं. जागा सपाट, नुसतं गवत. शेजारच्या घरातल्या आजींना विचारलं, इथे पूर्वी काही होतं का?

"बाव व्हती. माज्या सासऱ्यान वर चिरं टाकून झाकलान. तुमाला कोनी सांगितलान?"

साहेबांनी आखणीसाठी आलेल्या गवंड्याला तिथे खणायला सांगितलं. त्याने पहार मारली. हातभर मातीखाली चिरा लागला, आणि चिऱ्याखाली पोकळ. त्या पोकळीवर पोरं बसणार होती. शाळा पलीकडे सरकवली.

बापूकाका त्या गावी कधी गेले होते का, हे त्यांच्या बायकोला, काकूंनाही माहीत नव्हतं. मला आजवर उत्तर मिळालेलं नाही आणि खरं सांगायचं तर मी शोधायचंही सोडलंय.

पुढे एका वाडीच्या नावात झ आला. मी तो जपून ठेवलेला कागद काढला, त्यावरच्या झचे बिंदू मोजले आणि रिकाम्या खणात भरले. वळण बापूकाकांचंच होतं. मागून काढतो म्हणाले होते.