पंधरा मिनिटांच्या जपानी नूडल्ससाठी कडा ते तेलगाव

एक तक्रार आहे, आणि ती मला जाहीरपणे, शक्य झाल्यास उभं राहून मांडायची आहे. इंटरनेटवर ज्या बाईंनी 'पंधरा मिनिटांत पौष्टिक जपानी सीफूड नूडल्स' ही रेसिपी टाकली आहे, त्यांनी पहिल्याच ओळीत लिहिलंय, 'फ्रीजमधलं सीफूडचं पाकीट बाहेर काढा.' मी कड्यातला हार्डवेअरचा दुकानदार, आज्ञाधारक माणूस. उठलो, फ्रीज उघडला. आत विरजण होतं, अर्धं लिंबू होतं आणि शेजारच्या भागाबाईंच्या शेळ्यांच्या औषधाची बाटली होती. पाकीट नव्हतं. पन्नाशी ओलांडली तरी कुणी मला सांगितलं नव्हतं की सुसंस्कृत घरात असं पाकीट असतं. पंधरा मिनिटांपैकी पहिलं मिनिट इथंच गेलं. उरलेल्या चौदाला मला तीन दिवस आणि तीनशेच्या वर किलोमीटर लागले. ज्यांना हा पदार्थ घरी करायचा आहे, त्यांच्यासाठी हा रस्त्याचा वृत्तांत.

मुळात हे खूळ कशासाठी, ते सांगतो. आमची मयुरी जपानी शिकली, परीक्षा पास झाली, तिकडे म्हाताऱ्यांच्या सेवाघरात तिला नोकरी लागली. व्हिसा आला. विमान आठ दिवसांवर. आणि तिच्या आईनं, म्हणजे सुमननं, संप पुकारला. सुमनचं म्हणणं सरळ होतं. पोरीनं आयुष्यात मासळी तोंडात घातली नाही, त्या देशात मासळीशिवाय काही मिळत नाही, म्हणजे पोरगी उपाशी मरणार.

"तिनं माझ्यासमोर ती जपानी भाजी ताटभर खाऊन दाखवावी," सुमन म्हणाली. "खाल्ली तर जाईल. न्हाई खाल्ली तर तिकीट फाडायचं. अन् माझ्या गॅसवर करायची न्हाई, माझ्या भांड्यात तर न्हाईच न्हाई."

व्हिसाच्या कचेरीनंसुद्धा इतक्या अटी घातल्या नव्हत्या.

आमच्या घराला मासळीच्या वासाचा विटाळ आहे, हेही सांगून ठेवतो. भागाबाई सुकट भाजायच्या तेव्हा वारा नेमका आमच्या ओट्याकडे यायचा. चार वर्षांपूर्वी मी स्वतः जाऊन, अत्यंत सभ्य शब्दांत, त्यांना चूल हलवायला सांगितलं. त्यांनी लिंबाखालची चूल उचलून शेळ्यांच्या वाड्यामागं नेली. तिथं सावली नाही. पण वास बंद झाला आणि मला आपण फार मुत्सद्दी आहोत असं वाटलं.

"पप्पा, नगरला मिळेल की सगळं," मयुरी म्हणाली. "तासा-दीड तासात पोचाल."

"नगर दुसऱ्या जिल्ह्यात आहे," मी म्हणालो. "आपल्या जिल्ह्यात काय मिळत नाही?"

असली वाक्यं माणसानं मोटारसायकलची टाकी भरायच्या आधी बोलू नयेत.

पहिला दिवस. सकाळी सातला कड्याहून निघालो. मागं थर्माकोलचा खोका बांधलेला, डोक्यात हेल्मेट, हेल्मेटच्या आत अस्मिता. आष्टीपर्यंत रस्ता चांगला. आष्टीत पोहे खाल्ले, गरम होते, वर शेव मागावी लागत नाही. मग जामखेड. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. आष्टीहून धड रस्त्यानं बीडला जायचं तर मधे जामखेड लागतं, आणि जामखेड नगर जिल्ह्यात आहे. म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी जायला परजिल्ह्यातून वाट मागावी लागते. मी तो भाग मान खाली घालून, कुणाशीही न बोलता ओलांडला. चहासुद्धा प्यायलो नाही. सौताड्याला जिल्हा परत सुरू झाला तेव्हा गाडी थांबवून पाठ मोकळी करून घेतली. धबधब्याला या दिवसांत पाणी नसतं. फोटोसाठी जाणार असाल तर पावसाळ्यात जा, आत्ता कातळ आणि माकडं एवढंच आहे.

दुपारी बीड. मुक्काम मेव्हण्याकडे. दिगंबर माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे राहायला पैसे पडत नाहीत, ऐकावं मात्र लागतं.

"दाजी, आधी फोन कावून नाही केला? बीडला सगळं मिळतंय. माझ्या ओळखीचं दुकान हाय, एसी हाय आत."

दुकान खरंच मोठं होतं. एसी होता, बंद होता. मालकानं माझी यादी दोनदा वाचली. नूडल्सचं पाकीट दिलं, सोया सॉसची बाटली दिली. सीफूड म्हटल्यावर त्यानं फ्रीझरचं झाकण उघडलं, वाटाण्याच्या पिशव्या बाजूला सारल्या आणि तळातून बर्फाची एक वीट काढली.

"मागल्या दिवाळीला एक मागवलं होतं. कुणी घेतलंच न्हाई. देऊ का?"

"मधे लाइट जात नाही का हो?"

"जाते की. येतेय पण परत."

दिगंबर म्हणाला, "घ्या दाजी, ब्रँडेड हाय." मी मेव्हण्याकडे बघितलं. ह्याच्या बहिणीला मी सत्तावीस वर्षं सांभाळलं, याचा मला प्रथमच अभिमान वाटला. पाकीट परत तळाशी गेलं. पुढच्या दिवाळीला कुणी बीडला गेलात तर मिळेल.

संध्याकाळी दिगंबरच्या बायकोनं मेथी आणि ज्वारीची भाकरी केली. तिनंच सहज सांगितलं की तिच्या माहेरी, तेलगावला, फाट्यावर धरणातले झिंगे मिळतात. दिगंबर म्हणाला, "मी तेच सांगणार होतो."

दुसरा दिवस. बीड, वडवणी, तेलगाव. कारखाने चालू आहेत, त्यामुळे उसाच्या ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्याच्या मधोमध चालतात. तुम्ही हॉर्न वाजवा, भजन म्हणा, काही उपयोग नाही. एका ट्रॅक्टरवर इतक्या मोठ्यानं गाणं लावलेलं होतं की मी पाच किलोमीटर नाइलाजानं त्याच्या तालावर गाडी चालवली.

तेलगावच्या फाट्यावर एक म्हातारे चाचा ओल्या पोत्यावर झिंगे मांडून बसले होते. राखाडी, मिशाळ, काही अजून हलत होते. मी शहाण्या गिऱ्हाइकासारखा उकिडवा बसलो.

"चाचा, हे समुद्रातले आहेत का?"

चाचांनी आधी माझ्याकडे, मग उसाच्या फडाकडे, मग परत माझ्याकडे बघितलं.

"समुंदर? बाबा, माजलगावच्या धरणातले हायेत. खारं पाणी पायजे तं घरी मीठ टाकून घे."

मी एक किलो घेतले. त्यांनी शेजारच्या रसवंतीवरून बर्फ मागवला, खोक्यात थर लावून दिला आणि सुतळीची गाठ मारता मारता म्हणाले, "जास्ती शिजवू नको. रंग बदलला की उतरव. समजलं का?"

"समजलं," मी म्हणालो. चाळीस वर्षं मटण शिजवतोय. कच्चं खाऊन पोट बिघडलेली माणसं मी पाहिली आहेत. फाट्यावरच्या माणसाचं ऐकून पोरीला कच्चं घालू?

परतीचा रस्ता तोच. मांजरसुंब्याला चहा प्यायलो, चांगला आहे, आलं भरपूर. पाटोद्याच्या पुढे पाठीवरून गार पाणी ओघळायला लागलं आणि आष्टीत गाडी थांबवली तेव्हा तीन मांजरं आदरानं उभी राहिली. दिवेलागणीला कड्यात शिरलो. सुमननं खोका उंबऱ्याच्या बाहेरच ठेवून घेतला. बर्फ आणायला मलाच परत पिटाळलं.

तिसरा दिवस. सकाळी भागाबाईंकडे कढई मागायला गेलो. त्या शेळ्या सोडायच्या तयारीत होत्या. मुलगा आणि सून दर हंगामाला ऊसतोडीला जातात, मागं या आणि बारा शेळ्या.

"कावून पायजे कढई?"

मी सगळं सांगितलं. तेलगाव म्हटल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला.

"झिंग्याला तेलगाव? अवो दुकानदार, आष्टीच्या बाजारात सुकटवाल्या वळीनं बसतेत. मी दर बाजाराला आणते."

"ते वाळकं. रेसिपीत ताजं लिहिलंय."

"लिवलं असंल." त्यांनी कढई काढून दिली. मग शांतपणे म्हणाल्या, "माझा पोरगा दरसाल कर्नाटकात जातो. तिथं काय खाईल म्हणून कुणी मला आधी रांधून न्हाई दाखवलं बा."

मी कढईला काळं फार लागलंय की काय ते बघत राहिलो.

अंगणात तीन दगडांची चूल मांडली. सुमन ओट्यावर खुर्ची टाकून बसली, परीक्षेला वरून पाहुणे यावेत तशी. मयुरीनं कोबी, गाजर, कांद्याची पात बारीक चिरून दिली. तिचे हात नीट चालत होते, पण ती एकदाही खोक्याकडे बघत नव्हती. मी झिंगे साफ केले, कढईत टाकले. मिनिटाभरात ते लालसर झाले. चाचा म्हणाले होते तसेच. मी त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतलं, परात झाकली आणि मटणाच्या हिशेबानं पाऊण तास रटरटू दिले.

परात उचलली तेव्हा किलोभर झिंग्यांचे मूठभर झाले होते. नूडल्स, भाजी, सॉस सगळं वर घालून परतलं. रंग छान आला. मयुरीनं ताट घेतलं, आईच्या समोर बसली आणि एक झिंगा तोंडात टाकला.

ती चावत राहिली. आम्ही बघत राहिलो. ती चावतच राहिली. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात नळाचे वायसर आहेत, ते यापेक्षा मऊ आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते झिंग्याचं होतं की तिकिटाचं, कळेना. शेवटी तिनं तोंडावर हात धरला आणि उठून मोरीकडे पळाली.

"झालं?" सुमन म्हणाली. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, ते जास्त वाईट होतं. "करा फोन. येत न्हाई म्हणावं."

मयुरी मोरीच्या दारात उभी राहिली. "आई, परत एकदा..."

"काय परत? नूडल्स संपल्या. मासळी संपली."

कढईचं काय झालं ते बघायला भागाबाई आल्या होत्या. कुंपणाशी उभं राहून त्यांनी सगळं पाहिलं. मग घरी गेल्या आणि पदरात मूठभर सुकट घेऊन आल्या. चुलीपाशी बसल्या. कढई रिकामी केली, पुसली, सुकट कोरडी भाजायला टाकली. तो वास उठला. चार वर्षांनी, थेट आमच्या ओट्यावर. सुमननं नाकाला पदर लावला, पण खुर्ची सोडली नाही.

"सुमनबाई, शेवया हायत का?"

"खिरीच्या हायत."

"शेवईला काय म्हाईत, खीर का काय ते."

सुमन बसून राहिली. मयुरी आईकडे बघत होती. मग सुमन उठली, आत गेली, आणि उन्हाळ्यात खाटेवर वाळवलेल्या शेवयांचा डबा घेऊन आली. आतल्या गॅसवर, स्वतःच्या पातेल्यात, शेवया उकळून निथळून आणल्या. मी मनातल्या मनात दोन अटी खोडल्या. भागाबाईंनी सुकट धुऊन घेतली, तेलात लसूण, कांद्याची पात, उरलेला कोबी, सुकट, मग शेवया टाकल्या आणि उलथनं फिरवायला लागल्या.

"अवो मोडतील त्या!" सुमन ओरडली. "शेवया अशा हलवतेत का? सरका तिकडं."

आणि माझ्या बायकोनं, जिच्या गॅसवर मासळी चालत नाही, उलथनं हिसकावून घेतलं. हलक्या हातानं, खालून वर. मयुरीनं सॉसची बाटली धरली. मी घड्याळ बघितलं. सुकट कढईत पडल्यापासून चौदा मिनिटं झाली होती. त्या इंटरनेटवरच्या बाईंची मी इथं जाहीर क्षमा मागतो.

मयुरीनं पहिला घास घेतला. थांबली. दुसरा घेतला. मग मान खाली घालून ताट पुसेपर्यंत खाल्लं, आणि ताट पुढं केलं. सुमननं वाढलं. मग कढईच्या कडेची एक शेवई चिमटीत धरून स्वतःच्या जिभेवर ठेवली.

"खारट झालंय," ती म्हणाली. "त्या काळ्या पाण्यातच मीठ असतंय वाटतं." मग कढईकडे बघतच म्हणाली, "तिथं करशील तवा वरून मीठ घालू नको."

मयुरीनं माझ्याकडे बघितलं. मी चुलीचा धूर डोळ्यांत गेल्याचं दाखवलं. धूर दुसरीकडे चालला होता.

मयुरीला जाऊन आता तीन आठवडे झाले. बॅगेत शेवयांचे दोन डबे गेले. काय शिल्लक राहिलं म्हणाल तर माझी पाठ अजून दुखते, अर्धी बाटली सॉस आहे, आणि नगर तासाभरावर आहे हे मी आता कुणालाही सांगतो. सुमन रोज व्हिडिओवर पोरीचं ताट बघते आणि जपान्यांच्या चिरण्यातल्या चुका काढते.

कढई मात्र तेवढी आमच्याकडेच राहिली होती. आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत. परवा सुमननं ती घासून लख्ख केली, आत शेवया भरल्या आणि माझ्या हातात दिली. भागाबाई शेळ्या घेऊन माळावर गेल्या होत्या. कढई त्यांच्या दारात ठेवली. मग वाड्यामागं गेलो. उन्हात तापलेले चुलीचे तीन दगड एकेक करून उचलले आणि लिंबाखाली, पूर्वीच्या जागी मांडले. तिसरा दगड टेकवत होतो तोवर भागाबाई परत आल्या.

"दुकानदार," त्या म्हणाल्या, "वास येईल तुमच्याकडं."

"येऊ द्या," मी म्हणालो, आणि हात झटकून घरी आलो.