सुपारीसारखी निवडलेली हाडं

माझ्या अब्बांनी एक अख्खी गुहा पुसून टाकली.

फडक्याने. आणि अगदी मनापासून.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं, म्हणून लिहितेय.

साठ सालच्या आसपास अब्बा कुवेतला एका गोऱ्या साहेबाकडे स्वयंपाकी होते. साहेब तेलाच्या कंपनीत इंजिनिअर, पण जीव सगळा दगडमातीत. सुट्टी मिळाली की इराकच्या डोंगरात जायचा, एक गुहा खणायचा आणि जनावरांच्या हाडांचे तुकडे पेट्या भरभरून घरी आणायचा.

"आपन हाडां कुत्र्याला टाकतो. ह्यो ती टेबलावर मांडायचा!" अब्बा सांगायचे.

मागच्या खोलीत ट्रेच ट्रे. प्रत्येकात एक चिठ्ठी: हे तुकडे गुहेच्या कुठल्या कोपऱ्यातले. अब्बांना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

साहेब बाहेरगावी असताना धुळीचं वादळ आलं. अब्बा फहाहीलच्या बाजारातून मासळी घेऊन परतले, तर खिडकी उघडी आणि ट्रेंवर धुळीचा थर.

आता अब्बा पडले श्रीवर्धनचे. लहानपण सुपारी निवडण्यात गेलेलं. मोठी इकडे, बारकी तिकडे, फुटकी वेगळी. हात गप्प बसतायत होय? पुसता पुसता सगळी हाडं निवडून ठेवली. दात दातांत, जळकी जळक्यांत. चिठ्ठ्यांचा गठ्ठा दोऱ्याने बांधून बाजूला.

आणि शाबासकीची वाट बघत बसले!

साहेब आला. बघितलं. खुर्चीत बसला तो उठेचना.

ओरडला मात्र नाही. दुसऱ्या दिवशी मोडक्या हिंदीत समजावलं, "हसन, ये जानवर जो खाता था, वो हमसे बहुत पहले का आदमी लोग. निअँडरथल. जला हुआ हड्डी जिधर मिला, उधर चूल्हा. जिधर हड्डी नहीं, उधर सोता होगा. अभी कुछ मालूम नहीं पड़ेगा."

"साब, मैं वापस रख देता हूँ," अब्बा म्हणाले.

साहेब नुसता हसला. अब्बांना ते हसू मारापेक्षा जास्त लागलं.

पुढे साहेबाची बदली झाली. पेट्या अब्बांनीच गाडीत चढवल्या. माफी मागायची होती, पण पेट्यांच्या दोऱ्याच आवळत राहिले. गाडी गेली.

घरी आम्ही चिडवायचो, "हाडांचं काय मेलं एवढं!"

शेवटच्या आजारपणात अब्बांनी पुन्हा तोच विषय काढला. मी समजूत घातली, "अब्बा, त्यानंतर किती गुहा सापडल्या. टीव्हीवर दाखवतात. कुठे शिजवायचे, कुठे झोपायचे, सगळं कळलंय लोकांना."

अब्बांना ते पटलं नाही.

"दुसऱ्या गुहेत दुसरी मानसां आसतील गो. ह्यांचा काय?"

वाईट याचंच वाटतं की साठ वर्षं हे ओझं त्यांनी एकट्याने वाहिलं.

अब्बा, अल्लाह तुमची मगफिरत करो, सगळं माफ करो. साहेबाची माफी राहिली ती राहिलीच. पण ती गुहेतली माणसं तिथे वर भेटली, तर त्यांनाच विचारून घ्या, कुठे झोपायचात म्हणून.

खुदा हाफिज.