शाळेच्या गेटवर गेरूचा डबा

ज्या आठवड्यात आमच्या वाडीची शाळा फ्लूमुळं ओस पडली, त्या आठवड्यात शाळेतल्या एकाही पोराला फ्लू नव्हता. हे माझं काम.

झालं असं, की पुण्यात स्वाइन फ्लूची साथ होती. टीव्ही लावला की तोंडाला फडकी बांधलेली माणसं! आमची वाडी खुटबावच्या पलीकडं, शेतात. पण भीतीला काय, तिला एसटी लागत नाही. शाळेच्या समितीचा अध्यक्ष मी. (दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. हे गावाला माहीत आहे, कुणी आठवण करून द्यायची गरज नाही.) गुरुजींनी मला मास्क आणायला दौंडला पाठवलं. मेडिकलवाला माझ्याकडं बघून हसला.

"मास्क? काका, मीच रुमाल बांधून बसलोय!"

रेल्वेच्या गर्दीत चेंगरून मी परत आलो ते रिकाम्या हातानं आणि चोंदलेल्या नाकानं.

मग ठरलं, शिंकणाऱ्या पोराला घरी धाडायचं. पण आमची पोरं! पुढच्या गेटातनं हाकलली की मागच्या भिंतीवरून खिचडीच्या वासानं परत हजर. मी घरी डोकं धरून बसलो. आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडलांची, निम्मी हयात मेंढरांमागं गेलेली. ते म्हणाले, "त्यात काय येवढं? खोकणारं मेंढरू वायलं काढायचं आन् गेरूचा पट्टा वढायचा. परत कळपात घुसलं तर लगीच वळखू येतंय."

"आबा, पोरं हायती ती!"

"मंग? मेंढरं तुमच्या पोरांपरीस ऐकत्यात."

मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये तो मी स्वतःचा म्हणून मांडला. शिंकणाऱ्याच्या मनगटावर गेरूचा पट्टा, आणि तीन दिवस घरी! गुरुजी नको नको म्हणत होते, पण मी टेबलावर मूठ आपटली. "आपला-परका बघायचा न्हाई!"

घरी आलो तर कोमल, माझी चौथीतली लेक, कमरेवर हात ठेवून दारात उभी. पहिलीपासून तिचा एक खाडा नव्हता. यंदा स्नेहसंमेलनात तिला शंभर टक्के हजेरीची ढाल मिळायची होती, आणि त्या ढालीसाठी तिनं टीव्हीवरची फुलदाणी आधीच उचलून ठेवली होती.

"आण्णा, माजा खाडा पडला तर मी तुमच्याशी जल्मात बोलायची न्हाई."

"तू शिंकू नगंस, म्हंजी झालं."

"शिंकताय तर तुमी!"

"धूळ हाय ती," मी म्हणालो, आणि शिंकलो.

सोमवारी गेटवर स्टूल टाकलं. नाकाला रुमाल, गळ्यात कापूर-वेलचीची पुरचुंडी, मांडीवर गेरूचा डबा. चार पोरं सापडली. पट्टे ओढले, घरी धाडली. पण घरी जातंय कोण! शाळेच्या खिडकीसमोरच कालवा. चौघं दिवसभर त्यात डुंबत बसली आणि आतली पोरं पाढे म्हणता म्हणता त्यांच्याकडं बघत बसली.

मंगळवारी रांगेत वीस पोरं एका सुरात शिंकायला लागली.

"कवापास्नं रं?"

"काल सांच्यापास्नं, आध्यक्ष!"

एकाच्या नाकपुडीला तपकीर लागलेली मी बघितली होती. (मला वाटलं, माती.) मी प्रत्येकाचा हात हातात धरून, मधेमधे स्वतः शिंकत, मन लावून पट्टे ओढले. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

बुधवारी गेटवर कोणी आलंच नाही. पोळा तोंडावर आलेला, बैलांसाठी घरोघरी गेरू भिजवलेला. पोरांनी पट्टे घरच्या घरीच ओढून घेतले! वर आयांना सांगितलं, "आध्यक्षांनी वढला." वर्गात गुरुजी, आणि त्यांच्यासमोर पहिल्या बाकावर एकटी कोमल.

नेमक्या तेव्हाच आरोग्य केंद्राच्या सिस्टरबाई तपासणीला आल्या.

"पटावर किती मुलं?"

"एकोणचाळीस," गुरुजी म्हणाले.

"हजर?"

"ही."

"अडतीस पेशंट! अहो, तालुक्याला कळवायला पाहिजे!"

मी छाती पुढं काढली. "काळजी करू नका बाई. सगळे वायले काढल्यात."

"कुठं ठेवलेत?"

मी खिडकीतून बोट दाखवलं. अडतीस पेशंट म्हशींच्या पाठीवरून कालव्यात सूर मारत होते.

सगळ्यांना ओढून ओळीत उभं केलं. निम्म्यांचा गेरू पाण्यानं उतरलेला. ताप एकालाही नाही! मी खुलासा करायला तोंड उघडलं आणि ओळीनं पाच वेळा शिंकलो. सिस्टरबाईंनी उघड्या तोंडात थर्मामीटर सारलं.

"एकशे दोन. दोन दिवस या पोरांचे हात कुणी धरले?"

गुरुजींनी छताकडं बघितलं.

"आणि तुमच्या घरात लहान कोण?"

सगळे कोमलकडं वळले. पोरीचा चेहरा पार उतरला. "मी न्हाई शिंकले. येकदाबी न्हाई," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. चार वर्षं पोरगी पावसापाण्याची शाळेत गेली, आणि खाडा पाडणार कोण, तर बाप!

सिस्टरबाईंनी तिच्या कपाळाला हात लावला, थर्मामीटर बघितलं, घसा बघितला. "हिला काही नाही. शिंक-ताप आला नाही तोवर येऊ दे शाळेत. पण आजारी माणूस त्या घरात नको."

"शेळ्यांच्या गोठ्यात जागा हाय," कोमल डोळे पुसत लगेच म्हणाली.

"अगं, बाप हाय मी तुजा!"

"आपला-परका बघायचा न्हाई."

सात दिवस मी गोठ्यात काढले. बायको लांबूनच ताट सरकवायची. आबा रोज सकाळी दाराशी येऊन विचारायचे, "खातंय का नीट?" शेळीबद्दल की माझ्याबद्दल, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पोरगी शिंकली नाही. स्नेहसंमेलनात तिचं नाव पुकारलं गेलं. गुरुजींनी माईक तिच्यापुढं धरला. "कोमल, चार वर्षं एकही खाडा नाही. कसं जमलं, सांग बरं सगळ्यांना."

"घरात कुणी आजारी पडलं की त्याला शेळ्यांत बांधायचं."

मांडव हसून हसून लोळायला लागला. मी तेवढा हसलो नाही. पाहुणे आले नव्हते, म्हणून ढाल घेऊन स्टेजवर तिच्या शेजारी अध्यक्षच उभे होते.