आत्याच्या परवानगीचा आंबा

जबलपुरात ऋतू पंचांग बघून बदलत नाहीत; माझ्या बायकोची आत्या परवानगी देते, तेव्हा बदलतात. चेरीतालच्या तिच्या घरी भर उन्हाळ्यात कुणी सफरचंदं घेऊन गेलं, की ती दारातच अडवते. "कुठून खणून आणले हे, जावईबापू? बर्फातलं मढं आहे ते!" जावईबापू मीच, हे वेगळं सांगायला नको. तिचं शास्त्र सरळ आहे: ज्या उन्हानं जीव हैराण केला, त्याच उन्हानं उतारा पिकवला. लू, म्हणजे उन्हाळी झळ, लागू नये म्हणून फालसा, पोटातली आग विझवायला बेलाचं सरबत, घामातून गेलेलं पाणी परत भरायला नर्मदेच्या वाळूतलं कलिंगड. लिंबोळीसारखी पिवळी खिरनी कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "खिरनी शहाण्यांसाठी," असं म्हणून तिनं माझ्यापुढची वाटी उचलली.

बड्या फुहाऱ्याच्या बाजारात एका फळवाल्यानं होळीआधीच आंबे मांडले होते. आत्यानं एक उचलला, हुंगला, कानाशी नेला. "भैया, ये आम है कि आम का फोटो?" तेव्हापासून ती लांबून दिसली, तरी तो पेटीवर फडकं टाकतो. आमच्या लेकीनं मोबाइलवरून दहा मिनिटांत आंबे मागवले, तेव्हा आत्या म्हणाली, "झाडाला काहून एवढे महिने लागतात, विचार बरं त्या मोबाइलले." अक्षय तृतीयेला, म्हणजे तिच्या अखाजीला, पितरांच्या पानावर आंबा पडल्याशिवाय घरात कुणी आंब्याला हात लावायचा नाही. पंतप्रधान आले तरी नाही.

गेल्या वर्षी होळीनंतर तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे सासरे, अंथरुणाला खिळले. डॉक्टर हळूच म्हणाले, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. आम्ही समजलो. सासऱ्यांनी आंबा मागितला. बायको डोळे पुसत फोड करायला बसली, आणि आत्यानं तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

"अखाजीच्या आधी नाही."

"आत्या, अगं, तोवर बाबा..."

"तोवर थांबल. कुठं चालला तो?" आणि आत जाऊन भावाला दटावलं, "दादा, आंबा पिकून राहिला अजून. आधी कलिंगड आहे, फालसा आहे. मधे घुसायचं नाही."

"रेल्वेच्या नोकरीतही एवढी शिस्त नव्हती," सासरे पुटपुटले. "चलो, कलिंगड तर आण."

आम्ही तिच्याशी बोलणं टाकलं. तिनं ढुंकून पाहिलं नाही. कलिंगड आणलं, मग मीठ लावलेले फालसे आणले, आणि प्रत्येक वाटी रिकामी झाली की पुढच्या फळाचं नाव सांगून निघून गेली. सासरे चिडायचे, आणि चिडता चिडता उठून बसायचे. अखाजीला पितरांचं पान वाढून झाल्यावर पहिली फोड त्यांच्या तोंडात पडली.

"आंबट आहे गं."

"मग लंगडा आंबा येईपर्यंत थांब!" आत्या विजयी मुद्रेनं म्हणाली.

ते थांबले. हसा खुशाल! फळांत काय काय असतं, ते डॉक्टरांनी मोजावं. आत्याच्या फळांत वाट बघणं असतं, आणि ते सफरचंदात नाही, कारण सफरचंद बारा महिने मिळतं. खिरनी आली, लंगडा आला. जांभळं आली, तेव्हा सासरे जांभळी जीभ काढून नातीला भेडसावत होते. वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "आता काय राहिलं?"

आत्यानं रिकामी वाटी उचलली. पहिल्यांदाच ती पुढच्या फळाचं नाव न सांगता निघून गेली. उन्हाळा संपला होता, आणि सीताफळ पार दिवाळीच्या तोंडाशी.

दुसऱ्या दिवशी ती आली, ती मूठ मिटूनच. झाडाचं कच्चं फळ तोडणाऱ्याला चेरीतालभर शिव्या घालणारी ही बाई. तिनं भावाच्या उशाशी, खिडकीत, सुपारीएवढं हिरवं सीताफळ ठेवलं.

"हे बघ दादा," ती हळूच म्हणाली, "लागलं आहे."